पाकिटावर तुमचं नाव, आत भलत्याचंच पत्र

अनुवाद आणि संपादनाचं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

"आठ वर्षांपूर्वी मी स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात '@'च्या पुढे येणारं नाव, घेतलं. कामाचे सगळे मेल त्यावरूनच जातात. मागच्या सोमवारी सकाळी इनबॉक्स उघडला, तर 'आपला मेल पोहोचू शकला नाही' अशा चौदाशेच्या आसपास सूचना येऊन पडल्या होत्या. ज्यांची नावंही मला माहीत नाहीत, अशा लोकांना औषधांच्या जाहिराती गेल्या होत्या. पाठवणाऱ्याच्या जागी पत्ते माझ्या डोमेनवरचे, पण मी कधीच न बनवलेले. मी तीनदा पासवर्ड बदलला, तरी सूचना येतच आहेत. एका गृहस्थांनी मला लिहिलं, 'लाज वाटत नाही का?' त्यांना काय उत्तर द्यावं ते कळेना, म्हणून दिलंच नाही. होस्टिंगवाले म्हणतात, आमच्याकडून काही गेलेलं नाही, आम्ही काही करू शकत नाही. आठ वर्षांत कमावलेल्या नावावर डाग लागला असं वाटतं. हे डोमेन सोडून द्यावं का? की माझ्या यादीतल्या सहाशे जणांना माफीचा मेल पाठवावा? हे करणारा सापडू शकेल का? आणि माझ्यावर कुणाचा एवढा राग असेल?"

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना आधी जाणवली ती तुमची शरम. म्हणून बाकीचं बोलण्याआधी हे सांगते: तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आणि बहुधा तुमचा मेलबॉक्स कुणी फोडलेलाही नाही. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीतरी तुमचं डोमेन लिहून टाकलं, इतकंच झालंय. पण 'बहुधा' हा शब्द मी विचार करून वापरला. तो खोडायचा तर एक तपासणी तुम्हालाच करावी लागेल, आणि ती आजच करा.

परत आलेल्या मेलपैकी चार-पाच उघडा. त्यांच्या पोटात मूळ मेलचे हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची एरवी न दिसणारी नोंद, जोडलेले असतात. त्यात 'रिसीव्ड' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी शोधा. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो, तो सर्व्हर आपली एक ओळ वर चढवतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. मात्र सगळ्यात खालच्या ओळी पाठवणाऱ्यानं स्वतःच रचलेल्या असू शकतात. भरवसा ठेवायचा तो त्या परक्या माणसाच्या सर्व्हरनं मेल घेताना लिहिलेल्या ओळीवर. मेल कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या क्रमांकाच्या मशिनवरून आला, हे त्या ओळीत असतं. तो आकडा तुमच्या मेल सर्व्हरचा किंवा वेबसाइटच्या सर्व्हरचा नसेल, तर हा मेल तुमच्या घरातून बाहेर पडलेलाच नाही. आकडे कसे जुळवायचे हे समजलं नाही, तर होस्टिंगवाल्यांना एवढंच विचारा: "हा आयपी आपला आहे का?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता येतं आणि त्यांनी ते द्यायलाच हवं.

समजा, आकडा तुमचाच निघाला. मग ही नावाची चोरी नसून घुसखोरी आहे. बऱ्याचदा ती मेलबॉक्समधून होत नाही, वेबसाइटवरच्या वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या एखाद्या प्लगइनमधून, म्हणजे साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून होते. तसं असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी साइट साफ करून घ्या. पाठवलेल्या मेलचं फोल्डर आणि लॉगिनचा इतिहास तपासाच, पण त्यासोबत फॉरवर्डिंगचे नियमही बघा. ते बघायचं हमखास राहून जातं. घुसखोरानं तुमचे मेल स्वतःकडे वळवून ठेवले असतील, तर पासवर्ड कितीदाही बदला, ते वळतच राहतात.

तुमच्या बाबतीत मात्र दोन खुणा वेगळं सांगतात. पत्ते तुम्ही कधीच न बनवलेले आहेत आणि तीनदा पासवर्ड बदलूनही काडीचा फरक पडलेला नाही. पडणार तरी कसा? ज्यानं कुलूप उघडलंच नाही, त्याला किल्ली बदलल्यानं काय होणार?

आता, हे मुळात शक्य का होतं ते सांगते. ते कळलं की मनावरचा बराच भार उतरेल.

ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोहोचवण्याची जी पद्धत आजही जगभर चालते, तिचा मूळ मसुदा जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला. तेव्हा या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, आणि बहुतेक सगळे एकमेकांना ओळखून होते. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं मानायचं, अशीच ती रचना होती. त्यात फसवणुकीला जागा ठेवली होती असं नाही, फसवणूक होईल असा विचारच तेव्हा फारसा कुणाच्या मनात नव्हता.

कागदी पत्रासारखंच इथेही पाठवणाऱ्याचं नाव दोन ठिकाणी असतं. एक पाकिटाच्या मागच्या बाजूला आणि दुसरं आतल्या पत्राच्या माथ्यावर. मेल वाचणाऱ्याला दिसतं ते आतलं नाव, म्हणजे 'फ्रॉम'. पाकिटावरचं नाव सहसा दिसत नाही. ते सर्व्हर एकमेकांत बोलताना वापरतात, आणि मेल पोहोचला नाही तर तो परत पाठवायचा तो त्याच पत्त्यावर. ही दोन नावं एक असलीच पाहिजेत, असं बंधन त्या मूळ पद्धतीत नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे उपाय याच फटीभोवती फिरतात.

त्या चौदाशे सूचना आल्या कशा? स्पॅम पाठवणाऱ्यानं दोन्ही ठिकाणी तुमचं डोमेन लिहिलं आणि लाखो पत्त्यांवर मारा केला. त्यातले अनेक पत्ते केव्हाच बंद पडलेले. नीट बांधलेला सर्व्हर अशा मेलला दारातच 'हा पत्ता इथे नाही' म्हणून सांगतो, आणि तो नकार स्पॅम पाठवणाऱ्या मशिनलाच मिळतो. काही सर्व्हर मात्र आधी मेल घेऊन ठेवतात, मग पत्ता शोधतात आणि सापडला नाही की पाकिटावरचं नाव पाहून परत पाठवतात. म्हणजे तुम्हाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तो हा प्रकार. तेव्हा तुमच्याकडे आलेला ढीग हा त्या सर्व्हरांच्या ढिसाळपणाचा पुरावा आहे, तुमच्या नाही.

'माझ्यावर कुणाचा राग असेल?' हा प्रश्न तुम्हाला रात्री छळत असणार. रागापोटी असे प्रकार घडलेले आहेत, हे नाकारत नाही. १९९७ मध्ये 'जोज डॉट कॉम' नावाच्या साइटच्या मालकानं स्पॅम पाठवणाऱ्या एकाचं खातं बंद केलं. त्याचा सूड म्हणून त्या माणसानं मालकाच्याच नावानं स्पॅम सोडलं, आणि संतापलेल्या लोकांनी त्या साइटवरच हल्ला चढवला. तेव्हापासून इंग्रजीत या प्रकाराला 'जो जॉब' म्हणतात. पण तुमच्या नावानं गेल्या त्या औषधांच्या जाहिराती. तुमच्याबद्दल, तुमच्या कामाबद्दल त्यात एक शब्दही नाही. सूड घेणारा माणूस असं करत नाही. एखाद्या प्रोग्रॅमनं चालू असलेल्या डोमेनच्या लांबलचक यादीतून काही नावं उचलली आणि त्यात तुमचं आलं, हीच शक्यता कितीतरी मोठी. तुमचं डोमेन जुनं आहे, त्याच्या नावावर कुठलाही बट्टा नाही आणि त्याच्या दाराला कडी नाही. एवढं कारण त्यांना पुरतं.

आणि करणारा सापडेल का? त्या आयपी पत्त्याच्या मागे गेलात तर बहुधा कुणाचा तरी विषाणू शिरलेला संगणक किंवा बेवारस पडलेला सर्व्हर सापडेल. त्याचा मालक तुमच्याइतकाच अनभिज्ञ असेल. हेडरसकट आठ-दहा नमुने जपून ठेवा, पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर ते लागतील. शोधात मात्र महिने घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

होस्टिंगवाल्यांचं 'आम्ही काही करू शकत नाही' हे वाक्य मला फार खटकलं. माझ्या डोमेनवर काही वर्षांपूर्वी हेच झालं, तेव्हा मलाही अगदी असंच उत्तर मिळालं होतं. मी ते खरं मानलं आणि तीन आठवडे नुसती सूचना डिलीट करत बसले. खोटं नाव लिहिण्यापासून जगात कुणालाच रोखता येत नाही, तेवढं त्यांचं खरं आहे. पण मेल घेणाऱ्याला खरं-खोटं ओळखता येईल अशी सोय करता येते. ती सोय तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ज्या पॅनेलमधून डोमेनचे पत्ते ठरतात तिथे करायची असते. तिच्या तीन नोंदी आहेत.

पहिली एसपीएफ. माझ्या डोमेनचे मेल अमुक सर्व्हरवरूनच निघतात, अशी ही जाहीर यादी. ती कदाचित तुमच्याकडे आधीपासून असेल, आधी बघून घ्या. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. जुनी ठेवून दुसरी जोडली तर दोन्ही बाद होतात, आणि ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे. यादी तपासताना डीएनएसकडे दहापेक्षा जास्त वेळा विचारणा करावी लागली, तरीही ती बाद ठरते. म्हणून कधीतरी वापरलेल्या सेवांची नावं तिच्यात साठवू नका. नोंदीच्या शेवटी 'ऑल' हा शब्द येतो. त्याच्या आधी उणे चिन्ह असेल तर यादीबाहेरचं सगळं नाकारा असा अर्थ होतो, आणि टिल्ड, म्हणजे छोटी लाटेसारखी खूण असेल तर यादीबाहेरच्याकडे संशयानं पाहा असा. उणे जास्त कडक म्हणून तेच लावावंसं वाटतं. पण तुम्ही पुढच्या दोन नोंदी करणार आहात, म्हणून मी टिल्ड सुचवेन. उणे दिसलं की काही सर्व्हर बाकी काही न तपासता दारातच नकार देतात, आणि त्यात फॉरवर्ड होऊन आलेला तुमचा खरा मेलही बळी पडतो.

एसपीएफची मर्यादा लक्षात घ्या. ती फक्त पाकिटावरचं नाव तपासते. चोरानं पाकिटावर स्वतःचं डोमेन लिहिलं आणि आत तुमचं, तर एसपीएफ त्याला खुशाल पास करते. 'आमच्याकडे एसपीएफ आहे, तरी असं का होतं?' असं विचारणारी पत्रं मला नेहमी येतात. त्याचं उत्तर हे.

दुसरी डीकिम. याहू आणि सिस्को यांच्या वेगवेगळ्या प्रयत्नांतून ही पद्धत जुळून आली आणि २००७ मध्ये तिचं प्रमाण जाहीर झालं. तुमचा मेल सर्व्हर प्रत्येक मेलवर एका गुप्त किल्लीनं सही करतो. ती सही पडताळायची उघड किल्ली तुमच्या डीएनएसमध्ये असते. मजकुरात वाटेत बदल झाला की सही जुळत नाही. मेल जसाच्या तसा फॉरवर्ड झाला तरी सही टिकते, हा तिचा मोठा गुण, कारण एसपीएफ नेमकं तिथेच कोसळतं. किल्ली तुम्हाला बनवावी लागत नाही, मेलची सेवा देणारे ती देतात. तुम्ही ती पॅनेलमध्ये चिकटवायची आणि त्यांच्याकडे 'सही सुरू करा' हे बटण दाबायचं. १०२४ की २०४८ बिट असं विचारलं तर २०४८ निवडा.

तिसरी नोंद डीमार्क. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हीच आहे. वाचणाऱ्याला दिसणाऱ्या 'फ्रॉम'मधलं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकिममध्ये सिद्ध झालेलं डोमेन एकच आहे का, हे ती विचारते. दोहोंपैकी एक जरी जुळलं तरी मेल खरा. एकही जुळलं नाही, तर त्या मेलचं काय करायचं हे तुम्हीच त्या नोंदीत सांगून ठेवता. सांगायच्या पायऱ्या तीन: 'नन' म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा, 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका, आणि 'रिजेक्ट' म्हणजे घेऊच नका. पाकीट आणि पत्र यांच्यातली ती फट बुजते ती इथे.

हे वाचून आज रात्रीच 'रिजेक्ट' लावावंसं वाटेल. कृपा करून तसं करू नका. इतक्या मनस्तापानंतर 'थांबा' म्हणणं कसं लागतं ते मला ठाऊक आहे, पण इथे घाई केली तर मार तुमच्याच खऱ्या मेलला बसेल. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या पत्त्यांसाठी थेट 'रिजेक्ट' लावलं, तेव्हा ईमेल गटांमध्ये लिहिणाऱ्या असंख्य प्रामाणिक याहू सदस्यांचे मेल इतर ठिकाणी नाकारले जाऊ लागले होते.

'नन'पासून सुरुवात करा आणि त्याच नोंदीत अहवालासाठी एक पत्ता द्या. तो रोजचा पत्ता नको, त्यासाठी वेगळा मेलबॉक्स काढा. एक-दोन दिवसांत जीमेल, याहू यांसारख्या मोठ्या सेवांकडून रोजचे अहवाल येऊ लागतील. ते एक्सएमएल फाइलच्या रूपात असतात आणि माणसानं वाचावेत असे नसतात, म्हणून ते तक्त्यात मांडून देणारी एखादी मोफत सेवा वापरा. अहवालात मेलचा मजकूर नसतो. तुमच्या नावानं कुठल्या आयपीवरून किती मेल आले आणि त्यातले किती तपासणीत टिकले, एवढंच त्यात असतं. तुमच्या हाती येणारं हे पहिलं खरं चित्र असेल. 'सगळ्या जगात माझ्या नावानं कचरा गेला' या धास्तीच्या जागी मोजता येणारे आकडे येतात, आणि माझ्या अनुभवात माणूस शांत होतो तो या टप्प्यावर.

या चित्रात चोरांसोबत तुम्ही स्वतःही दिसता, तेही तुम्ही विसरलेल्या जागी. मेल कुठून कुठून जातो असं विचारलं तर आपण 'माझ्या मेलबॉक्समधून' म्हणतो. पण बिलं बनवणारं सॉफ्टवेअर तुमच्या नावानं मेल पाठवतं. वार्तापत्राची सेवा पाठवते. भेटीची वेळ ठरवून देणारं कॅलेंडर पाठवतं. यातल्या प्रत्येकाला तुमच्या डोमेनच्या नावानं डीकिम सही करायला शिकवावं लागतं. बऱ्याच सेवा न सांगता स्वतःच्या डोमेनची सही ठोकतात. मग अहवालात 'डीकिम पास' दिसतं, तरी डीमार्क नापास करतं, कारण सही खरी असली तरी तुमची नसते. तेव्हा त्या सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन आपलं डोमेन तिथे पडताळून घ्यायचं.

वेबसाइटवरचा संपर्काचा फॉर्म तर आवर्जून बघा. अनेक फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता थेट 'फ्रॉम'मध्ये लिहून तुम्हाला मेल पाठवतात. म्हणजे तुमच्या सर्व्हरवरून दुसऱ्याच्या नावानं मेल निघतो! तुमच्याबाबतीत जे घडलं, तेच तुमचा फॉर्म नकळत तुमच्या ग्राहकांच्या नावानं करत असेल. त्यांच्या डोमेनवर 'रिजेक्ट' असेल तर त्यांची चौकशी तुमच्यापर्यंत पोहोचणारही नाही, आणि त्यांना वाटेल तुम्ही उत्तर देत नाही. 'फ्रॉम'मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता आणि 'रिप्लाय टू'मध्ये भरणाऱ्याचा, एवढा बदल पुरतो.

महिनाभर अहवाल बघा. महिनाच का, तर महिन्यातून एकदाच जाणारी बिलंही त्यात यायला हवीत. तुमचे सगळे खरे मेल टिकताहेत असं दिसलं की 'क्वारंटाइन' करा, दोन-तीन आठवडे थांबा, कुणाचा मेल हरवल्याची तक्रार आली नाही तर 'रिजेक्ट'. पण तिथपर्यंत जाच. कित्येक जण 'नन' लावून निवांत होतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. अहवाल येत राहतात, कुणी वाचत नाही आणि चोराचं काहीच बिघडत नाही.

हे सगळं स्पॅमपुरतंच नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू हे नियम काटेकोरपणे लावू लागले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या, आणि तुमच्यासारख्या मोजके मेल पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी हवंच. तुमचे काही मेल अधूनमधून स्पॅममध्ये जात असतील तर त्याचं मूळही इथे असू शकतं.

दरम्यान त्या सूचनांच्या ढिगाचं काय करायचं? आधी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'कॅच ऑल' सुरू आहे का ते बघा. सुरू असेल तर तुमच्या डोमेनवरच्या कुठल्याही, अगदी अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर आलेला मेल तुमच्याकडे येऊन पडतो. चोरानं मनानं रचलेल्या पत्त्यांवरच्या सूचना तुम्हाला मिळाल्या, त्या अर्थी तुमच्याकडे ते सुरूच असणार. ते बंद करा. खरोखर लागणारे चार-पाच पत्ते नावानिशी बनवा, त्यात 'पोस्टमास्टर' आणि 'अब्यूज' हे दोन ठेवा, कारण जबाबदार सेवा तक्रार करायची तर याच पत्त्यांवर लिहितात. ढिगाचा बहुतेक भाग एवढ्यानंच दाराबाहेर राहील.

उरलेल्या सूचनांसाठी फिल्टर लावा, पण सरसकट सगळ्या डिलीट होतील असा नको. उद्या ग्राहकाचा पत्ता लिहिताना एक अक्षर चुकलं तर ते तुम्हाला अशाच सूचनेतून कळणार आहे. सूचनेत जोडलेल्या मूळ मेलच्या हेडरमध्ये तुमच्या मेल सर्व्हरचं नाव नसेल, तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल असा नियम करा. आठवड्यातून एकदा त्यावर नजर टाका. आणि त्या सूचनांना उत्तर देऊ नका, तिकडे वाचायला कुणी बसलेलं नसतं. अशा लाटा सहसा काही दिवसांत ओसरतात. पुन्हाही येऊ शकतात, तेव्हा ओसरली म्हणून हातातलं काम सोडू नका.

आता माफीचा मेल. नका पाठवू. तुमच्या यादीतल्या सहाशे जणांपैकी बहुतेकांना यातलं काहीच मिळालेलं नाही, कारण चोराकडे तुमची यादी नाही. त्यांना माफीचा मेल गेला, तर ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं त्यांच्याही मनात शंका येईल. शिवाय माफी म्हटली की चूक आलीच, आणि तुमच्या हातून चूक झालेली नाही. वेबसाइटवर दोन ओळींचा खुलासा ठेवा आणि जे स्वतः विचारतील त्यांना उत्तर द्या.

मात्र एका परिस्थितीत माझा सल्ला पूर्ण उलटा आहे. तुमच्या ओळखीच्या ग्राहकांनाच मेल जात असतील, त्यात चालू कामाचा उल्लेख असेल किंवा 'बँक खातं बदललंय, पैसे इथे भरा' असं असेल, तर ते आंधळं स्पॅम नाही. तुमचा किंवा त्या ग्राहकाचा मेलबॉक्स कुणीतरी वाचतंय. अशा वेळी मेल लिहीत न बसता सरळ फोन करा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि पोलिसांना त्याच दिवशी कळवा. डीमार्क इथे पुरेसं नाही, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या डोमेनसारखंच दिसणारं, एका अक्षरानं वेगळं डोमेन कुणी घेतलं, किंवा भलत्याच पत्त्यापुढे नुसतं तुमचं नाव लावलं, तर डीमार्क ते अडवू शकत नाही. म्हणून तुमचं बँक खातं कधी बदललं तर ते तुम्ही फोनवरच सांगाल, हे ग्राहकांना आधीच सांगून ठेवा.

आणखी एक प्रकार अनेकांना घाबरवतो. स्वतःच्याच पत्त्यावरून स्वतःलाच मेल येतो: 'मी तुझा संगणक फोडलाय, हा बघ तुझ्याच पत्त्यावरून लिहितोय, पैसे दे.' तुम्हाला तो आला नसला तरी कधीतरी येईल. आता तुम्हाला माहीत आहे की 'फ्रॉम'मध्ये तुमचा पत्ता असणं हा कशाचाच पुरावा नाही. पैसे देऊ नका, उत्तरही देऊ नका.

राहिला डोमेन सोडण्याचा प्रश्न. सोडल्यानं स्पॅम थांबणार नाही, नाव लिहायला मालकी लागत नाही. उलट मुदत संपल्यावर ते डोमेन दुसरं कुणीही विकत घेऊ शकतं. मग तुमच्या जुन्या ग्राहकांचे मेल त्याच्याकडे जातील, आणि त्या पत्त्यावर तुम्ही उघडलेल्या प्रत्येक खात्याचा 'पासवर्ड विसरलात?' हा मेलसुद्धा. आज जे खोटं आहे ते त्या दिवशी खरं होईल. तुमच्याकडे न वापरलेली आणखी डोमेन पडून असतील तर त्यांनाही कडी लावा: एसपीएफमध्ये एकही सर्व्हर न देता उणे 'ऑल', आणि डीमार्क थेट 'रिजेक्ट'. तिथून तुमचा खरा मेल जातच नाही, त्यामुळे तिथे वाट पाहण्याचं कारण नाही.

शेवटी ते गृहस्थ. त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. आज द्या. ते रागावले कारण त्यांना कुणीतरी फसवायला बघितलं, आणि समोर दिसलं ते तुमचं नाव. मी असं लिहिलं असतं:

"आपल्याला आलेला मेल मी पाठवलेला नाही. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीतरी माझ्या डोमेनचं नाव लिहिलं आहे, आणि असे शेकडो मेल परत येऊन मलाही मिळाले आहेत. आपल्याला झालेला त्रास मी समजू शकते. त्या मेलमधली लिंक कृपया उघडू नका. यापुढे माझ्या नावाचे खोटे मेल ओळखून नाकारता यावेत, यासाठी मी आजपासून काम सुरू केलं आहे. मूळ मेल आपल्याकडे अजून असेल तर तो संपूर्ण हेडरसकट मला पाठवाल का? मला त्याची मदत होईल."